ज्ञानाची मक्तेदारी आणि अनपेक्षित विजय

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथे शाळेच्या मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ ह्या दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेत एक कोटी रुपये जिंकले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने आनंदाबरोबर आश्चर्यही व्यक्त केले. आनंद स्वाभाविक होता. आश्चर्याची मात्र जरा चौकशी व्हावयास हवी होती, ती झाली नाही. एखाद्या प्राध्यापकाने वा सनदी सेवेच्या उमेदवाराने हेच यश मिळवले असते, तर त्याचे अभिनंदन झाले असते; परंतु ‘हे कसे घडले?’ असे कोणी विचारले नसते. म्हणजे नवल वाटले ते उत्तराचे नव्हे, उत्तर देणारीचे. सोलापूरसारख्या यंत्रमागांच्या आणि विड्यांच्या शहराला तर ह्या नवलाचा विचार करणे अधिकच अगत्याचे आहे. कारण ह्या शहरात श्रमाने जगणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्याकडून ज्ञानाची अपेक्षा करणारे फार थोडे आहेत.

प्रथम घडलेली गोष्ट पाहावी. सुमारे साडेचारशे मुलांचे अन्न शिजवावयाचे आणि महिन्याकाठी दीड हजार रुपये मानधन घ्यावयाचे, हे श्रीमती ताडे यांचे काम होते. मुले त्यांना ‘खिचडी काकू’ म्हणत. एक कोटीसाठी त्यांना विचारलेला प्रश्न असा होता की, बहादूरशहा जफर याच्या दरबारातील कोणत्या कवीने १८५७ च्या उठावाचा स्वानुभव ‘दास्तान-ए-गदर’ ह्या नावाने लिहून ठेवला? उत्तर होते जहीर देहलवी. सत्तावन्नच्या धामधुमीचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त म्हटला की मराठी सुशिक्षितांना विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आठवतो. जहीर देहलवींचे नाव त्यांतील किती जणांना सांगता आले असते, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे. पुढचा प्रश्न सात कोटींचा होता. कोणत्या राज्याचे राज्यपाल सर्वाधिक संख्येने पुढे राष्ट्रपती झाले, हे त्यात विचारले होते आणि अपेक्षित उत्तर बिहार हे होते. तेथे मात्र धोका न पत्करता श्रीमती ताडे यांनी खेळ थांबविला. आपल्याला काय ठाऊक नाही, हे ओळखून वेळीच थांबणे हेही ज्ञानाचेच लक्षण होय. मिळालेल्या रकमेचे काय करणार, असे विचारता, स्वतःसाठी एक मोबाइल घ्यावयाचा आहे असे साधे उत्तर त्यांनी दिले होते.

आता ह्याच कार्यक्रमातील पहिल्या विजयाशी ह्या विजयाची तुलना करून पाहावी. जुलै २००० मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईचे हर्षवर्धन नवाथे हे त्याचे पहिले करोडपती ठरले. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटनेने ह्यांपैकी कोणाला दिली आहे, असा त्यांना अखेरचा प्रश्न होता आणि महान्यायवादी हे त्याचे उत्तर होते. घटनेच्या ८८ व्या अनुच्छेदात ही तरतूद आहे. श्री. नवाथे त्या वेळी सत्तावीस वर्षांचे होते आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करीत होते. घटना हा तर त्या परीक्षेचा नित्याचा विषय. एवढी मोठी रक्कम प्रथमच जिंकली गेली म्हणून तेव्हा देशभर गाजावाजा झाला. परंतु ज्याने अभ्यास केला त्याला फळ मिळाले, असाच त्या यशाचा अर्थ लावण्यात आला. श्रीमती ताडे यांच्या यशाचा अर्थ मात्र चमत्कार असा लावला गेला. वस्तुतः अभ्यासावाचून जहीर देहलवींचे नाव कोणालाही सुचत नाही. चूल पेटविणाऱ्या बाईने अभ्यास केला असेल, ही शक्यताच समाजाच्या हिशेबात धरलेली नव्हती, एवढाच ह्या दोन प्रतिक्रियांमधील फरक.

हा हिशेब एका दिवसात तयार झालेला नाही. आपल्याकडील प्रश्नमंजूषेचा इतिहास पाहिला तरी तो ध्यानात येतो. १९७२ साली आकाशवाणीवर बोर्नव्हिटाची प्रश्नमंजूषा सुरू झाली, १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ आला. दोन्ही कार्यक्रम दर्जेदार होते आणि पुष्कळ तरुणांना त्यांनी वाचनाची गोडी लावली, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते इंग्रजीतून चालत आणि त्यांत चमकणारी मुले बहुधा मोठ्या शहरांतील नामांकित शाळा-महाविद्यालयांची असत. जिल्ह्याच्या ठिकाणचा मराठी माध्यमाचा विद्यार्थी ते कौतुकाने पाही, पण आपण त्या मेजामागे बसू शकू असे त्याच्या मनातही येत नसे. त्याला उत्तरे येत नसत असे नाही. प्रश्न त्याच्या भाषेत विचारला जात नसे. २००० साली प्रश्न हिंदीतून येऊ लागला आणि दूरध्वनीवरून कोणालाही नाव नोंदविता येऊ लागले, तेव्हा त्या खुर्चीवर बसणाऱ्यांचे चेहरे आणि त्यांची गावे बदलली. २०१३ मध्ये ‘कोण होईल मराठी करोडपती’ हा कार्यक्रम आला आणि २०१९ मध्ये ‘कोण होणार करोडपती’. ह्या दुसऱ्या कार्यक्रमात प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीवर नागराज मंजुळे होते. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा हा दिग्दर्शक. म्हणजे ज्या वर्षी अंजनगावच्या बाईंनी एक कोटी जिंकले, त्याच वर्षी जेऊरचा माणूस मराठीतून महाराष्ट्राला प्रश्न विचारीत होता. भाषेने दार उघडले की कोण कोण आत येऊ शकते, याचे ह्याहून बोलके उदाहरण शोधावयाची गरज नाही.

ज्ञानी माणूस कसा दिसावा, ह्याविषयीचे पूर्वग्रह आपल्याकडेच आहेत असे मात्र नव्हे. अमेरिकेत १९५६ साली ‘ट्वेंटी वन’ नावाच्या कार्यक्रमात हर्बर्ट स्टेम्पेल हा न्यूयॉर्कमधील सामान्य परिस्थितीतला स्पर्धक सतत जिंकत होता. त्याच्या जागी नामवंत साहित्यिक घराण्यातील, कोलंबिया विद्यापीठात शिकवणारे चार्ल्स व्हॅन डोरेन प्रेक्षकांना अधिक आवडतील, असे निर्मात्यांना वाटले. मग स्टेम्पेलला येत असलेले उत्तर मुद्दाम चुकवावयास लावले आणि व्हॅन डोरेन यांना प्रश्नोत्तरे आधीच पुरविण्यात आली. १९५९ च्या नोव्हेंबरात व्हॅन डोरेन यांनी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे ह्याची कबुली दिली आणि १९६० मध्ये अशी लबाडी गुन्हा ठरविणारा कायदा झाला. ह्या प्रकरणाची आठवण बहुधा फसवणुकीचे उदाहरण म्हणून दिली जाते. परंतु त्यातील फसवणूक कोणत्या दिशेने झाली, हे पाहण्यासारखे आहे. प्रेक्षकांना ज्याला ज्ञानी म्हणून पाहावयास आवडेल त्याला ज्ञानी ठरविण्यासाठी, खऱ्या जाणकाराला अज्ञानी दाखविण्यात आले.

त्याच देशातील दुसरे उदाहरण उलट्या बाजूचे आहे. ‘जेपर्डी’ ह्या कार्यक्रमात केन जेनिंग्ज ह्या स्पर्धकाने ओळीने ७४ सामने जिंकले होते. ३० नोव्हेंबर २००४ रोजी दाखविलेल्या सामन्यात नॅन्सी झर्ग ह्या घरजमिनीच्या व्यवहारात मध्यस्थी करणाऱ्या बाईंनी त्यांना हरविले. ज्या संस्थेचे ७० हजार हंगामी पांढरपेशे कर्मचारी वर्षातून केवळ चार महिने काम करतात ती संस्था कोणती, हा अखेरचा प्रश्न होता. विवरणपत्रे भरून देणाऱ्या एका करसल्लागार कंपनीचे नाव अपेक्षित होते. ज्ञानकोश तोंडपाठ असल्यासारखी उत्तरे देणाऱ्या जेनिंग्ज यांनी टपाल-पार्सल पोहोचविणाऱ्या कंपनीचे नाव सांगितले आणि झर्गबाईंचे उत्तर बरोबर आले. पुढे ३ जून २०१९ रोजी ह्याच कार्यक्रमात ओळीने ३२ सामने जिंकलेले जेम्स होल्झहॉवर पराभूत झाले, ते शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या एमा बेचर यांच्याकडून. ह्या बाईंनी पदव्युत्तर अभ्यासात ह्याच कार्यक्रमातील प्रश्नांची काठिण्यपातळी कशी ओळखावी, ह्यावर प्रबंध लिहिलेला होता. जगाला धक्का बसला. ज्यांना त्यांची तयारी ठाऊक होती त्यांना तो तितकासा बसला नसावा. ‘अनपेक्षित’ हा शब्द विजेत्याचे वर्णन करीत नाही. अपेक्षा करणाऱ्याला किती माहिती आहे, हे तो सांगतो.

ह्यावर एक रास्त आक्षेप येईल. चार पर्यायांतून एक निवडणे म्हणजे ज्ञान नव्हे, ती सुटी सुटी माहिती आहे. आणि तिच्यावर कोटीचे बक्षीस लावणे हा करमणुकीचा धंदा आहे. शिक्षकवर्गाचा हा आक्षेप चुकीचा नाही. एक जण खुर्चीवर बसतो तेव्हा त्याच्यामागे लक्षावधी लोक प्रतीक्षेत राहिलेले असतात, म्हणून ह्या यशात नशिबाचा वाटा असतोच. मिळालेली रक्कमही पूर्ण हाती येत नाही. अशा बक्षिसावर तीस टक्के दराने प्राप्तिकर आणि त्यावर अधिभार व उपकर कापला जातो. शिवाय पैसा आला म्हणजे सुख आले असेही नाही. बिहारमधील मोतिहारीचे सुशीलकुमार हे मनरेगाच्या कचेरीत संगणक चालविणारे, तुटपुंज्या वेतनावरचे कर्मचारी. त्यांनी २०११ मध्ये पाच कोटी जिंकले. पुढची काही वर्षे आपल्या आयुष्यातील सर्वांत वाईट ठरली, लोकांनी फसविले, संसारात ताण आला, असे त्यांनीच २०२० मध्ये जाहीरपणे लिहिले. तेव्हा कोटीची खुर्ची हा सामाजिक विषमतेवरचा उपाय आहे, असे कोणी म्हणत असेल तर ते भाबडेपणाचे होईल.

परंतु हा आक्षेप मान्य केल्यावरही मूळ मुद्दा उरतोच. प्रश्नमंजूषा ज्ञान मोजीत नसेल, तर आपल्या स्पर्धा परीक्षा तरी काय मोजतात? त्यांची पूर्वपरीक्षाही चार पर्यायांचीच असते. त्या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यास समाज गुणवंत म्हणतो. तीच उत्तरे खिचडी शिजवणाऱ्या बाईने दिली की ती करमणूक ठरते. मोजपट्टी एकच ठेवावयाची असेल, तर ती दोघांना सारखी लावली पाहिजे.

आणि मग एक अधिक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. श्रीमती ताडे यांच्यावर कौतुकाचा वर्षाव झाला. त्यांच्यासारखे काम करणाऱ्या हजारो स्त्रियांचे पुढे काय झाले? शालेय पोषण आहाराची योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. मुलांना धान्य न देता शिजविलेले अन्न द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला, आणि तेव्हापासून ही योजना प्रत्यक्षात चालते ती स्वयंपाकी आणि मदतनीस ह्या स्त्रियांच्या बळावर. केंद्राने त्यांच्यासाठी २००९ मध्ये महिना हजार रुपयांचे मानधन ठरविले, तेही वर्षातील दहा महिन्यांपुरते. राज्याने आपली भर घालून ते पुढे वाढविले, तरी ते कामगाराच्या किमान वेतनाच्या जवळपासही पोहोचत नाही. त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. त्यात मानही बेताचा आणि धनही बेताचे. एका बाईच्या हाती एक कोटी आले म्हणून समाज हेलावला. बाकीच्या बायकांच्या हाती काय पडते, ह्याने हेलावला नाही. अनपेक्षित विजयाचा हा एक धोकाच असतो. अपवादाचे कौतुक केले की नियमाकडे पाहण्याची गरज संपली, असे वाटू लागते.

सोलापूरला हा नियम चांगला परिचयाचा आहे. जुनी गिरणी बंद पडून साठ वर्षे लोटली. ज्या शहराची ओळख गिरणी कामगाराने घडविली, त्या शहरात त्याची मुले यंत्रमागावर गेली आणि हजारो स्त्रिया विड्या वळीत राहिल्या. ह्या वस्त्यांत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ह्या चार भाषा बोलल्या जातात. चार भाषांत सहज वावरणारी बाई दुसऱ्या देशात भाषांची जाणकार गणली गेली असती. येथे ती अशिक्षित म्हणून नोंदली जाते. सोलापूरच्या चादरीवरील नक्षी ज्या जॅकार्डवर उतरते, त्याची गोष्ट तर अधिक विचार करावयास लावणारी आहे. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने नक्षी विणण्याची ही युक्ती फ्रान्समधील जॅकार याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केली आणि तिच्यावरूनच चार्ल्स बॅबेज याला आपल्या गणनयंत्रासाठी छिद्रांच्या पत्त्यांची कल्पना सुचली. संगणकाच्या इतिहासातील हा पाठ स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी घोकून पाठ करतो. जो विणकर ते पुठ्ठे रोज हाताळतो, कोणते छिद्र चुकले म्हणजे फुलाची कोणती पाकळी बिघडते हे डोळे मिटून सांगू शकतो, त्याला मात्र हे ज्ञान आहे असे कोणी सांगितलेले नाही. हातातील ज्ञान आणि पुस्तकातील ज्ञान ह्यांची ह्या शहरात रोज एकाच गल्लीत गाठ पडते, पण ओळख होत नाही.

ही ओळख करून देण्याचे काम कोट्यवधींच्या बक्षिसाने होणारे नाही. ते शाळेचे आणि ग्रंथालयाचे काम आहे. सोलापूर जिल्ह्याने ते घडू शकते हे दाखविलेही आहे. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लक्ष डॉलर्सचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकांत संकेतचित्रे छापून ती ध्वनी-चित्रांशी जोडण्याचा त्यांचा उपक्रम सर्वत्र वाखाणला गेला. तेव्हाही पुष्कळांच्या तोंडचा पहिला उद्गार होता, ‘जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर?’ तेच ते नवल.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि आज राज्यात दहा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त ग्रंथालये आहेत. अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार त्यांना परिरक्षण अनुदान मिळते. संख्या अभिमानास्पद आहे. परंतु अनेक ठिकाणी ते अनुदान वेळेवर येत नाही, ग्रंथपालाला मिळणाऱ्या रकमेत घर चालत नाही आणि कामावरून सुटलेला माणूस येईपर्यंत दार लागलेले असते. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे, २००४ पासून एकट्या ह्या जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ आहे. तरीही येथील कितीतरी मुले परीक्षेच्या तयारीसाठी सुमारे अडीचशे किलोमीटर दूर पुण्यास जाऊन खोलीचे आणि अभ्यासिकेचे भाडे भरतात. ज्यांना ते भाडे परवडत नाही त्यांचा विचार कोणी करावा? विडी वळणाऱ्या बाईच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, रात्री दहापर्यंत उघडे असलेले, तिच्या मुलाच्या शाळेच्या भाषेतील आणि घरच्या भाषेतीलही पुस्तके ठेवणारे एक वाचनालय असणे ही काही अवाच्या सवा मागणी नव्हे. महापालिका, विद्यापीठ आणि शहरातील जुन्या ग्रंथसंस्था एकत्र बसल्या तर हे काम थोड्या खर्चात होण्यासारखे आहे. त्याचबरोबर पोषण आहार शिजवणाऱ्या स्त्रियांना मानधनाऐवजी वेतन आणि तेही बाराही महिने मिळावे, ह्यासाठी शिक्षक संघटनांनी आपल्या मागण्यांत एक कलम वाढविले, तर ज्या शाळेत त्या दोघांचेही आयुष्य जाते त्या शाळेला ते शोभून दिसेल.

श्रीमती ताडे यांनी जिंकलेले पैसे त्यांचे आहेत; त्यांनी आपल्यापुढे ठेवलेला प्रश्न मात्र सर्वांचा आहे. त्याला चार पर्याय नाहीत आणि मदतीला दूरध्वनीही नाही. ज्या दिवशी सोलापूरच्या पूर्व भागातली एखादी विडी वळणारी बाई त्या खुर्चीवर बसून बरोबर उत्तर देईल आणि शहर तिचे अभिनंदन करून, तिळमात्र नवल न करता, आपल्या कामाला लागेल, त्या दिवशी त्याचे उत्तर सापडले असे समजावे.